विरामचिन्हांचे मेजर : टॉमस कँडी

मराठी वाक्याला स्वल्पविराम देणारा माणूस जन्माने मराठी नव्हता, हे आपण शाळेत एका ओळीत शिकतो. मराठीत विरामचिन्हे कोणी आणली? मेजर कँडी. एक गुण मिळतो आणि मेजरसाहेब विस्मरणात जातात. हा मेजर कोण होता, फौजेतल्या माणसाला स्वल्पविरामाशी काय कर्तव्य होते, हे कोणी विचारीत नाही. मी ते विचारायला लागले याचे कारण अगदी साधे आहे. बी. ए. ला इंग्रजी हा विशेष विषय घेतल्यापासून आमच्या वर्गाच्या वह्यांवर सर्वांत जास्त लाल शाई कशावर खर्च होत असेल तर ती कॉमावर. नको तिथे दिलेला आणि हवा तिथे गाळलेला. केळघर, कुडाळ, करहर, बामणोली अशा गावांतून मेढ्याला येणारी आम्ही मुले घरी जी मराठी बोलतो तिला कॉमा दिसतच नाही, तो ऐकू येतो. मग तो कागदावर नेमका कुठे टेकवायचा?

आणखी एक कारण आहे. ज्या माणसाने हा प्रश्न मराठीपुरता प्रथम हाती घेतला तो २६ फेब्रुवारी १८७७ रोजी महाबळेश्वरी वारला. त्या काळी महाबळेश्वर, म्हणजे माल्कमपेठ, आपल्या जावळी तालुक्यातच मोडत असे. म्हणजे मराठीच्या विरामचिन्हांचा हा पुरस्कर्ता आपल्या तालुक्याच्या मातीत अखेरचा थांबला! हे आपल्याला ठाऊक असायला हरकत नाही.

टॉमस कँडी यांचा जन्म १३ डिसेंबर १८०४ चा. इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातले ईस्ट नॉइल हे त्यांचे गाव. लंडनचे सेंट पॉल हे प्रचंड देवालय बांधणारा ख्रिस्तोफर रेन याच गावचा, पण तो पावणेदोनशे वर्षे आधीचा. टॉमसच्या जोडीला जॉर्ज हा जुळा भाऊ होता. दोघेही हिंदुस्थानात आले, दोघेही मराठी शिकले आणि दोघांचीही नावे एकाच कोशाशी जोडली गेली. पुढे जॉर्ज धर्मोपदेशक झाला, टॉमस मात्र भाषेतच राहिला.

टॉमस १८२२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत दाखल होऊन इकडे आला, तेव्हा तो अठराही पुरा नव्हता. पेशवाई बुडून चार वर्षे झाली होती. कंपनीच्या हाती पेशव्यांचा मुलूख आला होता, पण त्याची भाषा आली नव्हती. सारा कोणाकडून किती घ्यायचा, वतन कोणाचे, तंटा कशाचा, हे सगळे मराठीत आणि तेही मोडीत. म्हणून फौजेतल्या ज्या तरुण अधिकाऱ्याला भाषेची गोडी असेल त्याला सरकार दुभाषाच्या कामावर घेई. कँडी असे दुभाषी झाले. आपल्या पलटणीत त्यांनी तलवार किती चालवली कोण जाणे. इतिहासाला त्यांची आठवण आहे ती लेखणीसाठी.

त्यांना गुरू म्हणा, वडीलबंधू म्हणा, असा एक सोबती मिळाला. जेम्स मोल्सवर्थ. हाही फौजेतलाच. मराठी शब्द गोळा करण्याचा त्याला ध्यास लागला होता. सरकारने या कामाला मान्यता दिली, शास्त्रीमंडळी मदतीला दिली, आणि मोल्सवर्थ व दोघे कँडी बंधू यांच्या श्रमातून १८३१ मध्ये मराठी–इंग्रजी कोश बाहेर पडला. सुमारे चाळीस हजार शब्द! १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही संख्या साठ हजारांवर गेली. हा कोश नुसता पंडितांचा नाही. पोथीतला शब्द आणि कुणब्याच्या तोंडचा शब्द त्यात शेजारी शेजारी बसले आहेत. मी त्यात मुद्दाम आमच्या घरचे शब्द पाहिले. रुमणे सापडले, इरले सापडले. जावळीच्या पावसात इरले घेऊन भात लावणाऱ्या बाईला, आपल्या डोक्यावरच्या वस्तूची नोंद एका साहेबाने करून ठेवली आहे, याची काय कल्पना असणार!

१८३६ मध्ये प्रकृतीच्या कारणाने मोल्सवर्थ विलायतेस परतला. इंग्रजी–मराठी कोशाचे काम सुरू झाले होते, ते अर्धवट राहिले. ते पुढे कँडींनी एकट्याच्या जबाबदारीवर उचलले आणि १८४७ मध्ये पुरे केले. या दुसऱ्या कोशाकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही असे मला वाटते. मराठी शब्दाला इंग्रजी अर्थ देणे एका परीने सोपे. शब्द समोर असतो, त्याचे वर्णन करायचे. इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द देणे म्हणजे जे मराठीत नाही त्याला मराठीत जागा करणे. ज्या माणसाने वर्षानुवर्षे रोज हेच केले, दोन्ही भाषांची वाक्ये एकमेकांशेजारी ठेवून पाहिली, त्याच्या नजरेला एक गोष्ट टोचल्याशिवाय राहिली नसेल. इंग्रजी वाक्यात डोळ्याला थांबायला जागा आहेत, मराठी वाक्यात नाहीत.

आपल्या जुन्या लिहिण्याची रीत काय होती? मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे लोंबकळवीत जाई. शब्द कुठे संपला, वाक्य कुठे संपले, याची खूण नाही. कारकुनाला सवय असे, तो भराभर वाची. बाळबोध पोथीत उभे दंड असत, पण ते श्लोकाच्या किंवा ओवीच्या चरणापुरते. गद्याला असा काही आधार नव्हता. आता कोणी म्हणेल, मग आपल्या लोकांचे अडत कसे नव्हते? अडत नव्हते, कारण मराठी वाक्याला स्वतःचे सांधे आहेत. ‘जेवून’, ‘बसून’, ‘गेल्यावर’, ‘असता’, ‘म्हणून’, ‘तर’ ही रूपे ऐकली की कान ओळखतो, इथे एक तुकडा पुरा झाला. क्रियापद आले की वाक्य मिटले. ओवीला तर यमक हाच विराम. पण हे सगळे कानाचे झाले. छापखाना आला, शाळा आल्या, एकाने लिहिलेले हजारांनी मनातल्या मनात वाचायचे असा काळ आला, तेव्हा कानाचे काम डोळ्याकडे गेले. कँडींचे मोठेपण मला इथे दिसते. ही वेळ आली आहे हे त्यांना उमगले.

१८३७ पासून ते पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचे सुपरिंटेंडेंट होते. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात निघालेली हीच पाठशाळा, हिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज झाले. पाठशाळेतून पुढे सरकारी भाषांतराचे व शालेय पुस्तकांचे काम त्यांच्याकडे आले. कोणी भाषांतर केले, कोणी शाळेसाठी पुस्तक लिहिले, की ते कँडींच्या मेजावरून जायचे. ते तपासायचे, शब्द बदलायचे, लेखन एकसारखे करायचे आणि वाक्याला विराम द्यायचे. १८५० मध्ये त्यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ नावाची छोटी पुस्तिका काढली. कोशाच्या मानाने ती चिमुकलीच. पण आज सकाळी तुम्ही जे वर्तमानपत्र वाचले असेल त्याच्या प्रत्येक ओळीत तिचा वारसा आहे. कोश मात्र आपल्यापैकी कितीजण उघडतात?

कँडींनी जो कॉमा मराठीत आणला तो कुठला, हेही पाहिले पाहिजे. कॉमा हा मूळ ग्रीक शब्द, त्याचा अर्थ तुकडा. म्हणजे चिन्हाचे नाव आधी वाक्याच्या तुकड्याचे होते. आज आपण काढतो तो आकडेबाज कॉमा पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसचा छापखानेवाला आल्डस मान्युशियस याने रूढ केला. इंग्रजीत तो आला तेव्हा तो श्वासाचा होता, वाचणाऱ्याने क्षणभर दम घ्यावा म्हणून. पुढे व्याकरणकारांनी त्याला नियमात बसवले. १७९५ मध्ये निघालेले लिंडले मरी याचे व्याकरण दोन पिढ्या शाळांतून चालले आणि त्यात विरामांचे नियमच्या नियम होते. कँडी शिकले ते या काळात. त्या काळचे इंग्रजी कॉमांनी गच्च भरलेले असे. आजचे इंग्रजी त्या मानाने कॉमा जपून वापरते. आपल्या जुन्या क्रमिक पुस्तकांतल्या वाक्यांना पावलोपावली स्वल्पविराम दिसतो, त्याचे एक कारण हे असावे. विलायतेत ती फॅशन ओसरली, इथे ती नियम होऊन बसली.

आता आमच्या लाल शाईकडे येते. इंग्रजीत कॉमा केव्हा लागतो, याचे नियम पाठ करूनही आम्ही अडतो ते का? मला वाटते, आम्ही मराठीचा कान घेऊन इंग्रजीत शिरतो म्हणून. ‘पाऊस थांबला, आम्ही निघालो’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. सुंदरही आहे. हेच इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवून लिहा, परीक्षक गुण कापील. दोन पूर्ण वाक्ये नुसत्या कॉमाने जोडलेली इंग्रजीला चालत नाहीत, तिथे ‘अँड’ हवे, अर्धविराम हवा, नाही तर सरळ पूर्णविराम. तसेच ‘की’चे. ‘तो म्हणाला की,’ असे लिहून स्वल्पविराम देणारे मराठीत पुष्कळ आहेत, ‘की’च्या आधी देणारेही आहेत, आणि दोघे आपापल्या जागी ठाम आहेत. इंग्रजीतल्या ‘दॅट’ला मात्र असा कॉमा मागे नको, पुढेही नको. लांबलचक कर्ता झाला की आपल्याला दम लागतो आणि आपण कॉमा देतो. इंग्रजी म्हणते, कर्ता कितीही लांब असो, त्याची आणि क्रियापदाची ताटातूट एकट्या कॉमाने करू नका.

सर्वांत खोल फरक मला एका उदाहरणात सापडला. ‘माझा भाऊ जो पुण्यात असतो’ हे इंग्रजीत दोन परींनी लिहिता येते. ‘हू लिव्ज इन पुणे’ याच्या दोन्ही बाजूंस कॉमा दिला तर मला भाऊ एकच, आणि तो पुण्यात असतो ही जाताजाता दिलेली माहिती. कॉमा काढून टाकला तर मला आणखीही भाऊ आहेत, त्यांपैकी पुण्याचा तो हा. दोन एवढ्याशा खुणांनी घरातली माणसे कमीजास्त होतात! मराठीत हे काम शब्द करतात. ‘जो भाऊ पुण्यात असतो तो आला’ म्हटले की इतर भाऊ आहेत हे कळले. ‘माझा भाऊ आला, तो पुण्यात असतो’ म्हटले की वेगळे कळले. आपल्याकडे ‘जो–तो’ची जोडी आहे, म्हणून त्या जागी कॉमाची अडचण नाही. इंग्रजीला ती जोडी नाही, म्हणून तिला कॉमा लागतो. हे एकदा ध्यानात आले आणि निदान मला तरी तो नियम पाठ करावा लागला नाही.

पण मराठीला कॉमाची गरजच नव्हती, असे म्हणणेही खरे नाही. ‘मुलगी म्हणाली आई येते’ हे वाक्य घ्या. आई येणार आहे, की मुलगी आईचा निरोप घेऊन निघाली आहे? ‘आई, येते’ असा एक स्वल्पविराम दिला की मुलगी उंबऱ्याबाहेर पडते. तो काढला की आई उंबऱ्याच्या आत येते. बोलताना हे आवाजाने कळते. कागदाला आवाज नसतो.

आणि कागदाचे महत्त्व आपल्या तालुक्याला सांगायला नको. कोयनेच्या आणि पुढे कण्हेरच्या पाण्याखाली इथली गावे गेली. जमिनीच्या बदली जमीन, घराच्या बदली घर, यासाठी किती घरांनी किती अर्ज केले याला गणती नाही. आमच्या वाडीत चार अक्षरे येणाऱ्याकडे लोक अजून अर्ज लिहून घ्यायला येतात, त्यात मीही एक. ‘रामा, सखाराम व गणू यांची मुले यांना’ असे कोणी सांगितले की मी हात आखडते. रामा आणि सखाराम स्वतः, की तिघांचीही मुले? इथे स्वल्पविराम कितीही हलवा, प्रश्न सुटत नाही. वाक्यच मोडून दोन करावे लागते. म्हणजे कॉमा कुठे द्यायचा हे कळण्याइतकेच, कॉमावर कुठे विसंबायचे नाही हेही कळावे लागते.

मोठ्या जगातही हेच चालले आहे. १९१६ साली सर रॉजर केसमेंट यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा १३५१ च्या कायद्यातले शब्द कसे तोडून वाचायचे यावर वाद झाला आणि न्यायाधीशांनी मूळ चर्मपत्र जाऊन पाहिले. केसमेंट फाशी गेले. आणि अगदी अलीकडची गोष्ट अमेरिकेतल्या मेन राज्याची. जादा कामाचा भत्ता कोणत्या कामांना मिळणार नाही याची कायद्यात यादी होती. तिच्या शेवटी माल पाठवण्यासाठी बांधणे किंवा वितरण अशा अर्थाचे शब्द होते, मध्ये कॉमा नव्हता. बांधणे हे एक काम आणि वितरण हे दुसरे, की पाठवण्यासाठी वा वितरणासाठी बांधणे हे सगळे मिळून एकच काम? दुधाच्या गाड्या चालवणारे म्हणाले, आम्ही बांधत नाही, नुसते पोचवतो, तेव्हा यादी आम्हाला लागू नाही. अपील न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांचा मुद्दा उचलून धरला आणि पुढच्या वर्षी पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली. यादीतल्या शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’ आधी कॉमा द्यावा की न द्यावा, हा आमच्या वर्गातला नेहमीचा वाद. त्याची किंमत इतकी असेल असे वाटले नव्हते!

कँडींनाही कायद्याच्या या अवघड वाटेवरून जावे लागले. १८६० च्या इंडियन पीनल कोडाचे मराठी भाषांतर त्यांचे. तो कायदा आता राहिलेला नाही, १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. पण त्या वेळी तो नवा होता, आणि ‘जर’, ‘परंतु’, ‘अथवा’, ‘वगळून’ अशा अटींनी भरलेले एकेक कलम मराठीत उतरवायचे होते. कोणत्या कृत्याला शिक्षा आणि कोणत्याला नाही, हे वाक्याच्या जोडणीवर ठरणार होते. अशा मजकुराला विरामचिन्हे म्हणजे शोभा नव्हे.

इतके सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हे चरित्र न होता आरती होईल. कँडींच्या मेजावरून गेलेली मराठी स्वच्छ असे, पण ती एकाच साच्यातली होई, अशी तक्रार झाली. साहेबाच्या पसंतीस उतरेल ते शुद्ध, असा प्रकार काही काळ चालला. मराठीच्या घरात मराठी कशी लिहावी हे परक्याने ठरवावे, याची चीड पुढच्या पिढीला आली. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला सुरू झाली आणि इंग्रजी वळणाच्या मराठीवर तिने कोरडे ओढले. गंमत अशी की, विष्णुशास्त्र्यांचे वडील कृष्णशास्त्री शिकले ते पुण्याच्या त्याच पाठशाळेत. आणखी गंमत अशी की, निबंधमालेतली ती लांबलचक, डौलदार, वळणे घेत जाणारी वाक्ये स्वल्पविराम आणि अर्धविराम यांच्या आधाराशिवाय उभीच राहिली नसती. शस्त्र साहेबाचे, हात शास्त्रीबुवांचा.

मला स्वतःला चिपळूणकरांचा राग समजतो. इंग्रजीच्या तासाला आपल्या बोलीला कमी लेखले की मलाही तो येतो. पण कँडींच्या बाबतीत तो पुरता लागू करावासा वाटत नाही. पन्नास वर्षांहून अधिक काळ हा माणूस मराठीच्या सेवेत राहिला. त्याने आपल्या भाषेतले रुमणे आणि इरले आधी टिपून घेतले आणि मग तिला कॉमा दिला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

शेवटच्या वर्षांतही त्यांचे कोशाचे वेड सुटले नव्हते. मोल्सवर्थ गेल्यानंतर १८७३ मध्ये इंग्रजी–मराठी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. शब्दांची भर घालून, जुने अर्थ तपासून घेऊन. तेव्हा कँडी सत्तरीला टेकले होते. त्यानंतर चार वर्षांनी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, महाबळेश्वरी त्यांचा अंत झाला. आयुष्याची पहिली सतरा वर्षे विलायतेत गेली होती, बाकीचा जवळजवळ सारा जन्म मराठी बोलणाऱ्या माणसांत गेला. त्यांचा व मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश १९७५ मध्ये पुण्यात पुन्हा छापला गेला, आणि अजूनही एखादा अडलेला शब्द घेऊन अभ्यासक त्याच्याकडेच जातात.